बारा मैलांची रेघ

मत्स्यशास्त्राच्या स्नातकांनो,

तांडेल समुद्र वावांत मोजतो, सरकार मैलांत. आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारीवर राज्याचा हुकूम. पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. राज्यसूचीतली २१वी आणि संघसूचीतली ५७वी नोंद तुम्ही परीक्षेत लिहिलीच असेल.

राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात असताना मालवणसमोर एका रात्री मी ही रेघ पाहिली. म्हणजे काय पाहिली, जीपीएसवर आकडा पाहिला. एक मोठा ट्रॉलर ११.६ मैलांवर जाळं ओढत होता. आम्हाला बघताच त्यांनी जाळं वर घेतलं, तोंड पश्चिमेला वळवलं आणि बारा ओलांडल्यावर इंजिन मंद केलं. तांडेलाने हात उंचावून आम्हाला रामराम घातला. आम्ही परत फिरलो.

५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने राज्याने पर्ससीनला, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. तरी जानेवारीत जेट्टीवर बांगड्याचा ढीग पडतो आणि उत्तर तयार असतं, "साहेब, बाराच्या बाहेरचा आहे." बांगड्याच्या पोटावर पत्ता लिहिलेला नसतो. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. पण ते दिवे आणि त्यांचा जनरेटर होडीवर चढतो तो आपल्याच बंदरात.

तामिळनाडूतल्या पर्ससीनबंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२३च्या अंतरिम आदेशाने बाराच्या बाहेर परवानगी मिळाली, पण फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. नौकेवर माग ठेवणारं यंत्र हवं, आणि संध्याकाळी ती परत आलेली हवी. परत येणार कुठे? राज्याच्याच धक्क्यावर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अधिकार कुणाचा, ही हुज्जत मुंबई आणि दिल्ली दोघांच्याही सोयीची आहे. तिच्या आडोशाला कुणालाच काही करावं लागत नाही. किनाऱ्यावरून ओढलेलं रापणकराचं जाळं मात्र रिकामं येतं. समुद्रात राज्याचा हात बारा मैलांवर थांबतो हे खरं. पण परवाना राज्य देतं, डिझेलचा परतावा राज्य देतं, बहुतेक बंदरंही राज्याकडेच. २०२३ मध्ये महाराष्ट्राने मासळीच्या ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवली. पापलेटाचं पिल्लू मोजायला सागरी मैल लागत नाहीत, पट्टी लागते.

तुमच्यातले काही जण उद्या परवाना अधिकारी होतील. नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे चारला जेट्टीवर जा. लिलाव सुरू होण्याआधी टोपलीत हात घाला, मासळी मोजा, जाळ्याचा आस मोजा, आणि जे दिसेल ते तिथेच उभं राहून नोंदवहीत लिहा.