डब्याची गिटार
(रौप्यमहोत्सवी संमेलनांत गायकवृंदापुढें केलेलें भाषण)



आमच्या वांट्यास संगीत हा विषय आला आहे. परंतु थोर वाद्यांची थोरवी गाण्याऐवजीं आम्ही आज कचऱ्यांतून उपजलेल्या एका गिटारीची हकीकत सांगणार आहों.

दक्षिण अमेरिकेंतील पॅराग्वे या देशाची राजधानी असुन्सिओन. त्या शहराचा केरकचरा कातेउरा या नदीकांठच्या वस्तीशेजारीं पडे, व त्यांतून विकण्याजोगें कांहीं वेंचून अनेक कुटुंबें पोट भरीत. इ. स. २००६ मध्यें फाविओ चावेस नांवाचे गृहस्थ कचऱ्याच्या पुनरुपयोगाच्या कामास तेथें गेले. ते संगीत जाणणारे होते. त्यांनीं वेंचणाऱ्यांच्या मुलांस वादन शिकविण्यास आरंभ केला. मुलें पुष्कळ, वाद्यें मोजकीं. त्या वस्तींत एखादें व्हायोलिन राहत्या घराहूनहि महाग. तें मुलाच्या हातीं देणें म्हणजे चोरास बोलावणेंच. तेव्हां निकोलास गोमेस या सुतारकाम जाणणाऱ्या वेंचकानें गोड पदार्थाचे दोन मोठे डबे जोडून त्यांची गिटार केली, तेलाच्या पिंपाचा चेलो केला. पुढें त्या मुलांचा वाद्यवृंद देशोदेशीं वाजला.

हें ऐकून कोणी दारिद्र्याचे गोडवे गाऊं लागेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. डबा उपयोगीं पडला, तो मोजमाप चोख होतें म्हणून. स्पेनचे प्रसिद्ध कारागीर आंतोनियो दे तोर्रेस यांनीं इ. स. १८६२ मध्यें पाठ व कडा पुठ्ठ्याच्या, आणि केवळ पुढची फळी उत्तम लांकडाची, अशी गिटार घडविली. नाद मुख्यत्वें पुढची फळीच देते, हें त्यांस दाखवावयाचें होतें. पाठीस पुठ्ठा चालतो. पडद्यांस अंदाज चालत नाहीं. मेरूपासून घोडीपर्यंत तार ६५ सेंटिमीटर असेल, तर बारावा पडदा नेमका ३२.५ वर आणि पहिला मेरूपासून सुमारें ३.६५ वर आलाच पाहिजे. तेथें दोन दोऱ्यांइतकी चूक झाली तरी मिस्सेंत सारा वृंद बेसूर होईल, मग डब्याची कथा कितीहि हृदयस्पर्शी असो! शिवाय नायलॉनच्या सहा तारा मिळून सुमारें ४० किलोंचा ताण देतात. पत्रा तो सोसत नाहीं. म्हणून दांडी डब्यांतून आरपार न्यावी व तारा तिच्याच मागल्या टोंकास बांधाव्या. लांकूड वाळलेलें, सरळ रेषेचें व बिनगांठीचें हवें. ओल्या लांकडाच्या दांडीस पहिल्याच पावसाळ्यांत बांक येतो.

आतां घरची गोष्ट. गेल्या वर्षीं आमच्या शिकाऊ वर्गांतून सात मुलें वाद्यावांचून परत गेलीं. त्यांच्या आईबापांस आम्हीं काय सांगितलें, तें आठवलें कीं अजून मान खालीं जाते. आणि त्याच सुमारास देवळाच्या दुरुस्तींत निघालेल्या जुन्या बांकांच्या फळ्या कोठारांत रचून ठेविल्या जात होत्या. पिढ्यान् पिढ्यांच्या टेंकण्यानें गुळगुळीत झालेलें, केव्हांच वाळलेलें सागवान तें!

भंगारवाला येत्या सोमवारीं येणार असें कळतें. पूज्य फादरांस आमची विनंती आहे, कीं त्यापूर्वीं आम्हांस कोठाराची किल्ली एक दिवस द्यावी. फळ्या आम्ही स्वतः निवडूं, आणि उरलेल्या होत्या तशा रचून ठेवूं.