एका कानाने कमी ऐकू येते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला 'कानाची निगा' या विषयावर बोलायला सांगितले होते. कानात काडी घालू नये, तेल ओतू नये, हे मी सांगणार आणि आपण माना डोलावून घरी गेल्यावर पुन्हा काडी घालणार, हे मला ठाऊक आहे! म्हणून मी त्यांची परवानगी काढून विषय थोडा बदलून घेतला आहे. कवटीच्या तळाशी, कानाच्या नसेवर होणाऱ्या एका साध्या गाठीविषयी आज मी बोलणार आहे. साधी म्हणजे कर्करोगाची नव्हे. पण ती बसते अशा अडचणीच्या जागी, की काढणाऱ्याला घाम फुटावा.

हा विषय घेण्याचे कारण एक बाई आहेत. त्यांचे नाव सांगत नाही. वय ५२. फोन डाव्या खांद्यावर धरायचा, मान कलती करायची आणि उजव्या हाताने आमटी ढवळायची, ही त्यांची सवय. पुढे पुढे त्या फोन उजव्या कानाला लावू लागल्या. डाव्या कानाने आवाज येई, पण शब्द लागत नसत. भजनाला बसताना रांगेच्या डाव्या टोकाला बसत, म्हणजे सगळ्या बायका उजवीकडे येत. कानात रातकिड्यासारखा आवाज होई. घरात त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. शेवटी माझ्याकडे आल्या. मी कान पाहिला, मळ काढला, 'वयाप्रमाणे होते थोडे' असे म्हणाले आणि त्यांना परत पाठवले. होय, ती चूक माझीच. वयाने येणारे बहिरेपण दोन्ही कानांना सारखे येते. एकाच कानाला आले तर कारण शोधलेच पाहिजे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, एवढेच मी सांगू शकते.

दीड वर्षाने त्या पुन्हा आल्या, तेव्हा अंधारात चालताना झोक जात होता. मग ऐकण्याची मोजणी केली, एमआरआय काढला. गाठ आवळ्याएवढी होती.

आता ही जागा कशी असते ते सांगते. कानाच्या आतल्या बाजूला शरीरातले फार कठीण, दगडासारखे हाड आहे. त्यात साधारण एक सेंटिमीटर लांबीचा बोगदा. त्यातून ऐकण्याची नस जाते, तोल सांभाळणारी नस जाते आणि चेहरा हलवणारी नसही जाते. एका लहान खोलीत तीन बिऱ्हाडे म्हणा ना! गाठ धरते ती बहुधा तोलाच्या नसेच्या आवरणावर. वाढते सावकाश, वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर. कित्येक तर वर्षानुवर्षे तशाच राहतात. पण वाढली की बोगद्याबाहेर येऊन लहान मेंदूला आणि मेंदूच्या देठाला टेकते. श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणारी केंद्रे त्या देठातच आहेत.

म्हणूनच पूर्वी या शस्त्रक्रियेचे नाव काढले की जुने शस्त्रवैद्य गप्प होत. विसाव्या शतकाच्या आरंभी शंभरांतले ७० ते ८० रुग्ण दगावत. बोटाने गाठ उपटून काढण्याची तेव्हाची रीत होती. रक्तस्राव आवरत नसे. अमेरिकेत बोस्टनला हार्वे कुशिंग नावाच्या शस्त्रवैद्याने रीत बदलली. गाठीचे आवरण तसेच ठेवून आतला गर तेवढा काढायचा. १९१७ साली त्याने या गाठींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मृत्यू खूप कमी झाले, पण राहिलेली गाठ पुन्हा वाढे. पुढे बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने गाठ संपूर्ण काढण्याचा आग्रह धरला. जीव वाचे, पण चेहऱ्याची नस बहुधा जाई.

तिसरी पायरी मला सर्वात आवडते. लॉस एंजेलिसला विल्यम हाऊस नावाचे कानाचे डॉक्टर होते, ते आधी शिकले दातांची डॉक्टरी. १९६०च्या दशकात त्यांनी शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप आणला आणि दाताच्या डॉक्टरांसारखे बारीक ड्रिल घेऊन कानामागचे कठीण हाड कोरत आतून वाट काढली. या वाटेने चेहऱ्याची नस आधी डोळ्यांना दिसते, मग गाठ तिच्यापासून सोडवता येते. आज अनुभवी हातांत मृत्यूचे प्रमाण शंभरांत एकाहून कमी आहे. त्यामुळे आता प्रश्न जीव वाचेल का, हा क्वचितच असतो. चेहरा राहील का, हा असतो.

त्या बाईंच्या घरची मंडळी माझ्यासमोर बसली होती. यजमान म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मुळापासून काढा, कणसुद्धा ठेवू नका." मुलाचेही तेच. बाई गप्प. मी म्हटले, "ताई, तुम्हांला काय वाटते?" तर म्हणाल्या, "मला हसता येईल का, तेवढे सांगा." हा प्रश्न त्या खोलीत दुसऱ्या कोणालाच सुचला नव्हता.

मी त्यांना सर्व वाटा सांगितल्या. गाठ लहान असेल, त्रास नसेल, तर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी एमआरआय काढून नुसते लक्ष ठेवणे हाही उपचारच आहे. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. लहान व मध्यम गाठीवर किरणांचा नेमका मारा करता येतो. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी १९६९ साली त्याची सुरुवात केली. त्याने गाठ नाहीशी होत नाही, बहुतेक वेळा वाढ थांबते. या बाईंची गाठ मेंदूच्या देठाला दाबत होती, म्हणून शस्त्रक्रियाच योग्य ठरली. डाव्या कानाने शब्द कळतच नव्हते, तेव्हा तो कान सोडून हाऊस यांच्या वाटेने जायचे ठरले. थोडे ऐकू येत असते, तर कानामागून दुसऱ्या वाटेने ते वाचवण्याचा प्रयत्न केला असता. त्यात दर वेळी यश येतेच असे नाही.

मेंदूचे शस्त्रवैद्य आणि आम्ही कानाचे डॉक्टर मिळून सकाळी सुरुवात केली ती दिवेलागणीपर्यंत. रुग्णाच्या गालाला, ओठाला बारीक सुया लावलेल्या असतात. नसेला जरासा धक्का लागला की यंत्र आवाज करते. शेवटी नसेला चिकटलेला पापुद्र्याएवढा भाग उरला. ओढला तर यंत्र ओरडू लागले. तो आम्ही तसाच ठेवला. हाडातली पोकळी पोटावरची चरबी घेऊन बुजवली. (हे ऐकून काही भगिनी आपली चरबी देऊ करतील, पण ज्याची त्यालाच लागते.)

बाहेर येऊन मी यजमानांना सांगितले की कण ठेवला आहे. ते बराच वेळ बोलले नाहीत.

घरी गेल्यावरची काळजी बायकांवरच पडते, म्हणून तीही सांगते. नाकातून पाण्यासारखे पातळ, खारट थेंब येऊ लागले तर ती सर्दी समजू नये; मेंदूभोवतीचे पाणी झिरपत असते, ताबडतोब रुग्णालय गाठावे. चेहऱ्याची नस दुबळी असेल तर पापणी मिटत नाही. डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम आणि वर पट्टी. नाहीतर बुबुळाला जखम होते. झोक जातो म्हणून अंथरुणाला खिळून राहू नये. चालावे, मान वळवून पाहावे. दुसऱ्या बाजूचा कान काही आठवड्यांत तोलाचे काम शिकून घेतो.

एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांपैकी अगदी थोड्यांनाच अशी गाठ असते, तेव्हा आज रात्री कोणी झोप उडवून घेऊ नका. फोन एकदा डाव्या कानाला, एकदा उजव्या कानाला लावून पाहा. शब्द सारखे कळतात का, एवढेच पाहायचे. आणि एखादा कान एका दिवसात अचानक बंद झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा; त्या आजाराचे औषध पहिल्या काही दिवसांतच खरे लागू पडते.

त्या बाईंचा डावा ओठ आठ महिने उतरलेला होता. समारंभाला जाणे त्यांनी सोडले होते, फोटो काढू देत नसत. हळूहळू तो वर आला. पूर्ण नाही, पण हसल्या की त्या हसल्या हे कळते. डावा कान गेला तो गेलाच. उरलेला पापुद्रा तीन वर्षांत वाढलेला नाही. भजनात त्या अजून डाव्या टोकालाच बसतात, आता सर्वांना सांगून. पुढचा एमआरआय श्रावणात आहे.