विद्यार्थी-खेळाडू आणि त्याच्या पाठीशी असलेली फळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शिक्षण आणि खेळ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. मी मल्ल नव्हे, क्रीडासमीक्षकही नव्हे. फायलींशी घेतलेली झोंबी हीच काय ती माझी कुस्ती. परंतु आर. के. पुरमच्या या सरकारी वसाहतीत, जेथे प्रत्येक घरात परीक्षेचे गुण हा गृहकलहाचा विषय असतो, तेथे हा प्रश्न कोणीतरी उच्चारणे अगत्याचे आहे, असे मला वाटते.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत शिकत आहेत. तेथील विद्यापीठांत फुटबॉल नावाचा जो खेळ खेळतात, तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हातांत घेऊन धावतात आणि प्रतिपक्षाचे गडी धावणाऱ्याला अंगावर घेऊन पाडतात. या खेळात ‘लाइनबॅकर’ नावाची एक जागा असते. बचाव करणाऱ्यांची पहिली फळी समोरासमोर भिडते. तिच्या मागे दुसऱ्या फळीत हा गडी उभा असतो. पहिली फळी फुटली की भगदाड बुजविणे हे त्याचे काम. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि ते पाहावयास येतात ते वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यांचा खेळ. त्यांतील फार थोड्यांना पुढे व्यावसायिक संघात जागा मिळते. तथापि चांगल्या खेळाडूला विद्यापीठ शिष्यवृत्ती देते, प्रशिक्षक देते, वैद्य देते. गड्याच्या मागे संस्थेची फळी उभी असते.

आता आपल्या मातीतील विद्यार्थी-खेळाडूकडे वळू. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. वडील स्वतः मल्ल. कुस्तीचे पहिले धडे त्यांनीच दिले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांच्या राजाश्रयाने कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी झाली होती. त्या नगरीत तालीम आणि वर्ग या दोन्ही ठिकाणी हजेरी लावणारा हा ठेंगणा, चपळ विद्यार्थी लवकरच नावारूपास आला.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला तेथे गादीवर, परक्या नियमांनी लढावयाचे होते. मातीत पाय रोवता येतो. गादीवर तो निसटतो. शिवाय गादीवरील कुस्ती वेळेच्या आणि गुणांच्या हिशेबाने चालते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. परतल्यावर त्यांनी अपयशाची कारणे सांगत न बसता पुढील चार वर्षे अधिक वजनी गटासाठी मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर पैसा हवा. संस्थान विलीन झालेले होते. राजाश्रय संपला होता आणि लोकाश्रयाची व्यवस्था अजून उभी राहावयाची होती. अशा वेळी कोण पुढे आले? गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. आणि राजाराम महाविद्यालयातील त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. श्रोतेहो, त्या काळी शिक्षकाचे वेतन ते काय! त्याने आयुष्यभराची कमाई एका विद्यार्थ्याच्या मनगटावर लावली. लाखभर प्रेक्षकांच्या क्रीडांगणापेक्षा मला ही फळी मोठी वाटते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. ती झुंज दीर्घकाळ चालली आणि खाशाबा ती हरले. पुढे इशी सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्या दमविणाऱ्या कुस्तीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद ममादबेयोव्ह यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो नियम पंचांपुढे मांडण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकल्या देहाने ते पुन्हा उतरले, हरले आणि कांस्यपदकाचे धनी झाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मी आयुष्यभर नियम वाचण्याचे काम केले. म्हणून त्या पदकाइतकाच तो अर्धा तास मला विचार करावयास लावतो. नियम अस्तित्वात होता. मल्लाचे बळ त्याच्यापाशी होते. उणीव होती ती फक्त, योग्य क्षणी योग्य जागी उभे राहून नियम वाचून दाखविणाऱ्या माणसाची. अखाड्यात पराक्रम मल्ल करतो. अखाड्याबाहेर कागद सांभाळणे हे आपल्यासारख्या सामान्य नोकरदारांचे कर्तव्य असते.

त्याच स्पर्धेत आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशाचा जयघोष साहजिकच तिकडे वळला. कराडकरांनी मात्र आपल्या वीराची शंभरावर बैलगाड्यांनिशी मिरवणूक काढली. आणि खाशाबांनी पहिले काम काय केले? कुस्त्यांचे फड लावले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. गुरूने विश्वास टाकला, शिष्याने तो व्याजासह परत केला.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. सुमारे सत्तावीस वर्षे सेवा करून साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले, असे म्हणतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मिळाले, पण मरणोत्तर. २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने आपल्या दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. यमुनाकाठचे ते सभागृह येथून काही फार दूर नाही. आपल्यापैकी किती जणांनी मुलांना तेथे नेऊन ही पाटी कोणाच्या नावाची, हे सांगितले असेल?

खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडले आणि कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली आले. महाराष्ट्राला तर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी बहात्तर वर्षे थांबावे लागले. २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच आणि रेल्वेचे कर्मचारी. म्हणजे आपल्याच केंद्र सरकारचे सेवक! रेल्वे ही खेळाडूच्या पाठीशी उभी राहिलेली एक मोठी फळीच आहे.

कायदे आपल्याकडेही आहेत. गुणवंत खेळाडूंच्या भरतीची तरतूद आहे. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी वर्षात तीस दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा देता येते. तरीही मी एका कार्यालयात असताना एका तरुण लिपिकाचा अशा रजेचा अर्ज तीन टेबलांवरून फिरून मंजूर होऊन आला, तेव्हा स्पर्धा संपून आठवडा लोटला होता. त्या प्रत्येक टेबलावरील शेरा नियमाला धरूनच होता, हे विशेष! त्या मुलाने पुन्हा अर्ज केला नाही. हेलसिंकीचा तो अर्धा तास आपल्या कार्यालयांतून असा रोज वाया जात असतो.

पालकांना वाटते, खेळाच्या नादी लागला तर मुलाचे शिक्षण बुडेल. ही चिंता खोटी नाही. प्रत्येक मूल पदक आणणार नाही. अमेरिकेतही बहुसंख्य खेळाडू-विद्यार्थी शेवटी चारचौघांसारखीच नोकरी करतात. म्हणूनच महाविद्यालयाचा आधार महत्त्वाचा. पदवी आणि तालीम यांत निवड करण्याची पाळी मुलावर येऊ न देणे, ही वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी खाशाबांना कुस्ती सोडा असेही सांगितले नाही आणि वर्ग सोडा असेही नाही.

पन्नास वर्षे मंडळाने गणेशोत्सव, नाटके आणि हळदीकुंकू निष्ठेने केले. एक्कावन्नाव्या वर्षी एका लहानशा कामाची भर घालावी, अशी माझी सूचना आहे. आपल्यात निवृत्त अधिकारी विपुल आहेत. त्यांच्यापैकी तिघाचौघांनी रविवारी सकाळी दोन तास मंडळाच्या कार्यालयात बसावे. खेळणाऱ्या मुलामुलींचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्त्या, वयाचे दाखले, रजेचे नियम हे सारे वाचून, भरून, वेळेवर पोहोचवावे. त्यासाठी घर गहाण टाकावे लागणार नाही. चष्मा आणि चिकाटी पुरे.

मल्ल घडविणे आपल्या हाती नाही. परंतु तो थकून अखाड्याच्या कडेला येईल, तेव्हा ‘या मुलाला अर्धा तास विश्रांतीचा हक्क आहे’ असे मोठ्याने सांगणारा माणूस तेथे उभा असावा, एवढे तरी आपल्या हाती खचित आहे.