बोटीतला पडदा जागेवर कसा राहील?

(शिंदखेडा येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं मार्गदर्शन)



मागच्या बैठकीत शिवणकामाच्या गटाने सांगितलं, की नर्मदेवरच्या एका बोटीसाठी पडदे शिवायचं काम आलंय आणि दांड्याही आपणच बसवून द्यायच्या आहेत. तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, "बोटना पडदा? आमले काय करनं शे?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी गेल्यावर एक जुनी गोष्ट आठवली, म्हणून आज बोलते.

आपल्या तापीत सुलवाडे बॅरेजच्या पाण्यात मासेमारीच्या नावा दिसतात. त्यांना ना छत, ना पडदा. धडगाव-अक्कलकुव्याकडे मात्र वेगळं आहे. १९९८ पर्यंत तो भाग आपल्याच धुळे जिल्ह्यात होता. सरदार सरोवराचं पाणी डोंगरात शिरलं आणि नर्मदाकाठच्या कितीतरी पाड्यांना बोट हाच रस्ता उरला. तिथे तरंगता दवाखाना चालतो. २०२० मध्ये अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः नाव वल्हवत लहान बाळं आणि गरोदर बाया यांच्यापर्यंत आहार घेऊन जायच्या, ते तुम्ही ऐकलं असेल.

शिकत असताना मी तिकडे क्षेत्रकार्याला होते. एका बोटीत तपासणीच्या जागेला पडदा नव्हता. मी हौसेने बाजारातून स्प्रिंगची दांडी आणली, दोन भिंतींमध्ये दाबून बसवतात ती. बोट काठाला होती तोवर छान बसली. इंजिन सुरू झालं, बोट थरथरायला लागली आणि सिस्टर एका गरोदर ताईला तपासत असताना दांडी पडद्यासकट खाली आली. समोर पुरुष बसलेले. त्या ताईने लुगडं ओढून घेतलं, उठून बसली आणि परत तपासू दिलं नाही. चूक माझी होती. घरातली दांडी मी बोटीत लावली होती.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, बोटीत पडद्याला दोन दांड्या लागतात. घराची भिंत सरळ असते, पडदा आपल्या वजनाने खाली लोंबतो. बोटीची बाजू तिरपी असते आणि बोट सारखी हलते. नुसती वर दांडी लावली तर पडदा आत झुलतो, वाऱ्याने उडतो. वर एक, खाली एक दांडी आणि पडद्याला दोन्हीकडे नेफा, म्हणजे तो ताठ राहतो.

दुसरी गोष्ट, दांडी कशाची? साधा लोखंडी पाइप नको, गंजतो आणि गंजाचे डाग कापडावरून जात नाहीत. वरून चकाकी दिलेला पाइपही नको, पापुद्रा निघाला की आतून गंजतो. चांगलं स्टेनलेस स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम घ्या. प्लास्टिकचा पाइप लांबीत वाकतो. दांडी चार फुटांच्या पुढे गेली तर मध्ये एक आधार द्या.

तिसरी, दांडी अडकवायची कशात? वरून उघड्या हुकात अजिबात नको, धक्का बसला की उडून बाहेर येते. बंद गोल कडीचा ब्रॅकेट घ्या आणि दांडी सरकू नये म्हणून त्यात छोटा स्क्रू आवळा. स्क्रूही स्टेनलेसचेच. दांडीच्या टोकांना रबरी टोपण लावा, कुणाला लागायला नको.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बोटवाल्याला विचारल्याशिवाय एकही भोक पाडायचं नाही. पाण्याच्या रेषेखाली तर कधीच नाही. फायबरची भिंत पातळ असते, लांब स्क्रू आरपार जातो. त्यापेक्षा छताच्या सांगाड्याला लाकडी पट्टी पक्की करा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर बसवा. भोकात सिलिकॉन भरा, पाणी मुरत नाही.

आता माप. ते बोटीवर जाऊनच घ्या, डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं. आधी दांड्या बसवा, मग कापड कापा. दांडी चार फूट असेल तर कापड सहा फूट रुंद घ्या, म्हणजे चुण्या पडतात आणि आरपार दिसत नाही. वरच्या दांडीपासून खालच्या दांडीपर्यंत ३० इंच भरले, तर नेफ्यासाठी दोन्हीकडे दोन-दोन इंच धरून ३४ इंच कापा. सुती कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. खालचा नेफा नुसता टाचून बोटीवर लावून बघा, मगच मशीन मारा.

आणखी एक. बोट हलली की माणूस हाताला येईल ते धरतो. पडद्याची दांडी धरायची नसते, हे सगळ्यांना सांगा आणि धरायला वेगळा आधार आहे का ते बघा. पडद्याने बोट चालवणाऱ्याची नजर अडू नये, बाहेर पडायची वाटही अडू नये. एका हाताने पडदा सरकला पाहिजे.

ताईंनो, बिलात शिलाई वेगळी लिहा, दांड्या बसवायची मजुरी वेगळी लिहा. माप घ्यायला गेलेला दिवसही धरा. ते कौशल्याचं काम आहे, फुकट करायचं नाही.

काम देऊन लगेच निघू नका. इंजिन सुरू करायला सांगा, बोटीतून एक फेरी मारा. पडदा जागेवर राहिला तरच काम झालं. त्या दिवशी मी ही एक फेरी मारली असती, तर त्या ताईची तपासणी पूर्ण झाली असती.

पुढच्या बैठकीला मी दोन प्रकारचे पाइप आणि ब्रॅकेट घेऊन येते. हातात घेऊन बघू.