आंतरवासितेचा खर्च कोठे मांडावा?



निसर्गोपचार व योगविज्ञानाच्या पदवीसाठी साडेचार वर्षांच्या अध्ययनानंतर १ वर्षाची आंतरवासिता अनिवार्य असते. १९४६ साली महात्मा गांधींनी उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आरंभिले, तेही प्रत्यक्ष रुग्णांमध्ये राहून. मातीची पट्टी, कटिस्नान यांची माहिती ग्रंथांत मिळते. परंतु इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णास उपवास घडल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, हे वेळीच ओळखण्याची दृष्टी अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच येते. म्हणून रुग्णाची संमती व पर्यवेक्षक डॉक्टरांची स्वाक्षरी यांविना विद्यार्थ्याने कोणताही उपचार करू नये, असा आमचा आग्रह आहे. या देखरेखीचा खर्च आम्ही शिक्षणाच्या नव्हे, रुग्णसेवेच्या खाती मांडतो. आपली देणगी तेथेच सार्थकी लागते.