पावतीपुस्तक घरी ठेवून

(वर्षावास समाप्तीनिमित्त अहमदपूर येथे झालेल्या कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)





संस्थेने मला विषय दिला आहे 'नेतृत्व आणि जनसंपर्क'. खरे सांगायचे तर जनसंपर्क हा शब्द मला फारसा रुचत नाही. त्याला निवडणुकीचा वास येतो. उमेदवार हात जोडून गल्लीतून निघून जातो, त्यालाही जनसंपर्कच म्हणतात. आणि हल्ली मोबाइलवर गटात निरोप टाकला की संपर्क झाला, असे आपण धरून चालतो. निरोप दोनशे लोकांनी वाचलेला असतो आणि वंदनेला सतरा माणसे येतात. मग आपण म्हणतो, समाज झोपलेला आहे. समाज झोपलेला नाही. आपण त्याच्या दारात गेलेलो नाही.

आपल्या धम्मात याला जुना आणि नेमका शब्द आहे, 'संग्रह'. संग्रह म्हणजे माणसांना धरून ठेवणे, जोडणे. अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थक नावाच्या उपासकाची हकिकत आहे. तो एकदा पाचशे उपासक बरोबर घेऊन भगवंतांच्या दर्शनाला आला. भगवंतांनी त्याला विचारले की, हत्थका, तुझी परिषद एवढी मोठी, ती तू एकत्र कशी ठेवतोस? हत्थक म्हणाला की, आपणच शिकवलेल्या चार संग्रहवस्तूंनी. ज्याला दानाने जोडता येईल त्याला दानाने, ज्याला गोड शब्दाने त्याला गोड शब्दाने, ज्याला हिताचे काम करून त्याला तसे, आणि ज्याला समान वागणुकीने त्याला समान वागणुकीने. थोडक्यात, प्रत्येक माणूस वेगळा ओळखावा लागतो. एकच भाषण सगळ्यांना देऊन भागत नाही.

पण हत्थकाच्या उत्तराचा शेवट आपल्याकडे कुणी सांगत नाही. तो पुढे म्हणतो की, भगवन्, माझ्या घरी संपत्तीही आहे. गरिबाचे बोलणे लोक ज्या तऱ्हेने घेतात तसे माझे घेत नाहीत. किती प्रामाणिक माणूस! लोक आपल्या मागे येतात त्यात आपल्या पैशाचाही वाटा आहे, हे त्याने भगवंतांसमोर कबूल केले. आपल्यातले किती पुढारी असे कबूल करतील?

आता प्रश्न असा, की ज्याच्या घरी संपत्ती नाही त्याने काय करावे? आपले बहुतेक कार्यकर्ते शिक्षक, शिपाई, हमाल, शेतमजूर आहेत. दान कुठून करणार? माझे मत असे आहे की आपल्यासाठी चौथी वस्तू सर्वांत महत्त्वाची आहे. पाली शब्द 'समानत्तता'. लोकांच्या सुखदुःखात त्यांच्यातलाच एक होऊन राहणे. तिला पैसा लागत नाही, पण वेळ फार लागतो, आणि मोठेपणा सोडावा लागतो.

याचे उदाहरण आपल्या चळवळीतच आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली जन्मलेला हा माणूस. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि इकडचा भार भाऊरावांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर पडला. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज छापून उपलब्ध आहेत, ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावीत. त्यांत चळवळीची कामे आहेत, तशाच प्रकृतीच्या आणि पैशाच्या अडचणीही आहेत. एवढा मोठा विद्वान नाशिकच्या कार्यकर्त्याशी घरच्या माणसासारखा बोलतो.

त्यांतले ३ मार्च १९३४ चे पत्र मला विशेष वाटते. चार वर्षे लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, तो मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह आता थांबवावा, असे बाबासाहेबांनी त्यात कळवले. दोन ओळींचा हुकूम त्यांना सोडता आला असता. भाऊरावांनी तो पाळलाही असता. पण बाबासाहेबांनी कारणे लिहिली. हा लढा मूर्तिपूजेसाठी कधीच नव्हता, आपल्या माणसांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. ते काम झाले, आता ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्याचा आशय आहे. आपण मात्र आपल्या कार्यकर्त्यांना फक्त तारीख आणि वेळ कळवतो.

भाऊरावांनी जे बाबासाहेबांकडून घेतले, ते खाली भूमिहीनांपर्यंत नेले. धोतर नेसणारा, फारसे शिक्षण न झालेला म्हणून आपल्याच काही शिकलेल्या मंडळींनी त्यांना हिणवले. पण १९५९ चा आणि नंतर १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच माणसाने उभा केला. लाखावर माणसे तुरुंगात गेली, त्यात लेकरे कडेवर घेतलेल्या बायाही होत्या. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्याला द्या, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ज्याला एक गुंठा जमीन नाही तो कुणाच्या नुसत्या भाषणावर तुरुंगात जाईल का? आपल्यासारखाच बसणारा, जेवणारा माणूस पुढे चालतो आहे, हे दिसले म्हणून ते गेले.

इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली झाला आणि दोनच वर्षांत त्यात दुफळी माजली. दुरुस्त आणि नादुरुस्त अशी नावे पडली. दादासाहेबही त्यातल्या एका गटाचे नेते ठरले. म्हणजे आपुलकीलाही धोका आहे. लोक नेत्याशी जोडले जातात, पण एकमेकांशी जोडले जात नाहीत. मग नेता हलला की सगळे फाटते. यावर उपाय काय, तो मला एका म्हातारीने शिकवला. ती कबुली देतो.

काही वर्षांपूर्वी विहाराच्या बांधकामासाठी मी वर्गणी गोळा करत होतो. जवळच्याच एका वस्तीत गेलो तर निम्म्या घरांना कुलपे. माणसे कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली. एका दारात म्हातारी आणि तीन नातवंडे. मी पावतीपुस्तक काढले. म्हातारी म्हणाली, "गुर्जी, पावती फाडाय आलाव व्हय? फाडा. दहा रुपये हायती. पर ह्यो नातू आठ दिस तापानं फणफणत व्हता, तवा कुणाचा पाय इकडं वळला न्हाई."

तिने दहा रुपये दिले आणि मी ते घेतले. नको म्हणालो असतो तर तिचा आणखी अपमान झाला असता, असे तेव्हा वाटले. अजूनही मला ते नक्की ठरवता येत नाही. त्या हंगामात मात्र मी दर रविवारी पावतीपुस्तक घरी ठेवून त्या वस्तीत गेलो. पहिले तीन-चार रविवार कुणी धड बोलले नाही. "आता काय मागताव?" असेच चेहरे. पुढे हळूहळू कळत गेले: कुणी मुकादमाकडून किती उचल घेतली, कुणाची मुले शाळा सोडून फडावर गेली, कोण आजारी. शेवटी म्हाताऱ्यांनीच ठरवले की मागे राहिलेल्या मुलांनी संध्याकाळी एका घरात एकत्र अभ्यास करायचा, आणि ज्या घरी चूल पेटेल त्या घरून भाकरी यायची. मी फक्त कंदील आणि पाट्या नेल्या. दोन मुले तरीही गेलीच, आईबापांना हाताची गरज होती. बाकीची राहिली. मी आजारी पडलो तेव्हाही अभ्यास बंद पडला नाही, याचा मला जास्त आनंद झाला.

विनयपिटकात भगवंत आनंदाला घेऊन भिक्खूंच्या निवासातून फिरतात, तेव्हा हगवणीने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला दिसतो. शुश्रूषा करायला कुणी नाही, कारण तो इतरांच्या उपयोगी पडत नाही. भगवंत पाणी घालतात, आनंद त्याला धुतात, एक डोक्याकडून आणि एक पायाकडून धरून त्याला खाटेवर ठेवतात. ही गोष्ट आपण नेहमी सांगतो आणि इथेच थांबतो. पुढे भगवंतांनी संघ बोलावला आणि सांगितले की, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. भगवंत त्या भिक्खूचे कायमचे सेवक झाले नाहीत. त्यांनी शेजाऱ्याला शेजाऱ्याकडे पाठवले.

आज अश्विन पौर्णिमा. दसरा होऊन गेला आहे. अहमदपूर तालुक्यातून उसाच्या फडाकडे ट्रक निघू लागले आहेत. अध्यक्षांनी आत्ताच जाहीर केले की विहाराच्या वर्गणीची यादी उद्यापासून फिरेल. माझी विनंती आहे की ती पंधरा दिवस थांबवावी. त्या पंधरा दिवसांत प्रत्येकाने आपल्या जवळच्या दहा घरी नुसते जाऊन बसावे, आणि कोण जाणार, मागे कोण राहणार, त्या घरावर लक्ष कोणता शेजारी ठेवणार, हे त्यांनाच विचारून वहीत लिहून आणावे. वह्या मी आणल्या आहेत, त्या मागच्या टेबलावर आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.