तंजावरचे विद्याव्यासंगी सरफोजी राजे
(शतसांवत्सरिक उत्सवातील भाषण)



राजघराण्यातला पुरुष शास्त्रात रमला की लोकांना नवल वाटते. जपानचे सम्राट हिरोहितो समुद्रातील जीवांचा अभ्यास करीत, त्यांचे पुत्र अकिहितो यांनी गोबी माशांवर शोधनिबंध लिहिले, हे आपण कौतुकाने वाचतो. परंतु त्यांच्या शंभराहून अधिक वर्षे आधी असाच एक राजा मराठी भाषेत होऊन गेला आणि त्याची आपल्याला फारशी ओळखही नाही, ही माझी खंत आहे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास स्थापिलेल्या गादीवर सरफोजी दुसरे १७९८ साली आले. जन्म १७७७ चा. दत्तक पिता तुळजाजी महाराज १७८७ मध्ये निवर्तले आणि गादी चुलते अमरसिंग यांच्याकडे गेली. बाल सरफोजींचा सांभाळ श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने केला. पुढे मद्रासेस शिक्षण झाले. (त्याच सुमारास, १७८८ मध्ये, आपला पेडणे महाल सावंतवाडीकर भोंसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला, डिचोली त्याआधीच गेली होती.) गादी मिळाली खरी, पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीने घेतला. राजाकडे राहिला किल्ला, वाडा, तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

सत्ता गेली म्हणून राजा पुस्तकांत रमला, असे काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. तनखा घेऊन नुसते बसून राहिलेले संस्थानिक आपल्या इतिहासात थोडे का आहेत? सरफोजींनी वाड्यात धन्वंतरी महाल उघडला. तेथे देशी व युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी नांदले. नेत्ररोग्यांच्या नोंदी इंग्रजीत लिहून ठेवल्या जात आणि सोबत त्या रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र असे. ती टिपणे आजही उपलब्ध आहेत. राजाने स्वतः शस्त्र हाती धरले की शेजारी उभे राहून पाहिले, यावर अभ्यासक वाद घालोत. उपचारापूर्वी रोग्याची अवस्था काय होती आणि नंतर काय झाली, हे टिपून ठेवण्याची दृष्टी मला अधिक मोलाची वाटते. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनिअस, बुफाँ यांचे दाखले सहज देणारा हा हिंदू राजा पाहून ते चकित झाले.

आपल्या गोव्यात भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये आला. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. सरफोजींनी १८०५ च्या सुमारास वाड्यातच देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' या नावाने मराठीत छापून घेतल्या. मुंबईस गणपत कृष्णाजींचे छापील पंचांग निघाले ते १८३१ साली. राजांच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात तर जगाचा भूगोलच गायिला आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री. तिच्या तोंडून देश, पर्वत, नद्या सांगण्याची ही युक्ती आम्हां शिक्षकांना अजून सुचलेली नाही!

१८३२ मध्ये सरफोजी वारले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना गेले आणि राज्य खालसा झाले. एका माणसाच्या उत्साहावर उभे असलेले बरेचसे त्याच्यामागे कोसळले. उरला तो मुख्यत्वे सरस्वती महाल ग्रंथसंग्रह. तोही आपोआप उरलेला नाही. बर्नेल यांनी तेथील संस्कृत पोथ्यांची यादी केली, ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. १९१८ पासून संग्रह सर्वांसाठी खुला झाला. राजांनी विकत घेतलेल्या युरोपीय ग्रंथांवर त्यांची इंग्रजी सही आहे. मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या आसपास आहेत आणि मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल.

ते रुमाल वाचणार कोण? आपल्या भागातील जुन्या घरांतूनही मोडी कागद निघतात. मराठीचे प्राध्यापक म्हणून ते माझ्याकडे कोणी विश्वासाने घेऊन येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर मी अडखळतो.